चुकलेल्या प्रश्नांची वही

अमेरिकेत प्रॅक्टिकल नर्सिंगचा कोर्स संपत आला की विद्यार्थिनींचं बोलणं एका आकड्याभोवती फिरू लागतं. ‘तुझे किती प्रश्न झाले?’ कुणाचे दीड हजार झालेले असतात, कुणाचे तीन हजार. ज्यांचे कमी झालेत त्या धास्तावतात, ज्यांचे जास्त झालेत त्यांना तेवढ्यापुरतं बरं वाटतं. न्यू जर्सीपासून टेक्ससपर्यंत कितीतरी मराठी घरांतल्या बायका आज या टप्प्यावर आहेत. कुणी लग्नानंतर इकडे आली आणि मुलं शाळेत जायला लागल्यावर स्वतः शिकायला बसली. कुणी नर्सिंग होममध्ये सीएनए, म्हणजे नर्सिंग सहायक म्हणून राबली आणि मग एलपीएन व्हायचं ठरवलं. हा लेख त्यांच्यासाठी आहे आणि त्यात सांगायचं आहे ते एवढंच: किती प्रश्न सोडवले यावर परवाना मिळत नाही. चुकलेल्या प्रश्नाचं तुम्ही पुढे काय करता, यावर तो मिळतो.

परीक्षा नेमकी कशी आहे

एलपीएन म्हणजे लायसन्स्ड प्रॅक्टिकल नर्स. कॅलिफोर्निया आणि टेक्ससमध्ये याच कामाला लायसन्स्ड व्होकेशनल नर्स, म्हणजे एलव्हीएन म्हणतात. नाव वेगळं असलं तरी परीक्षा एकच: एनक्लेक्स-पीएन. ती तयार करते नॅशनल कौन्सिल ऑफ स्टेट बोर्ड्स ऑफ नर्सिंग ही संस्था, आणि घेतली जाते पीअर्सन व्ह्यूच्या केंद्रांवर. परीक्षेची फी 200 डॉलर. राज्याच्या बोर्डाची फी त्याखेरीज वेगळी. कॅनडात ओंटारियो आणि ब्रिटिश कोलंबियात राहणाऱ्यांनी एक लक्षात ठेवावं, की तिथे 2022 पासून रेक्स-पीएन ही वेगळी परीक्षा आहे. त्यामुळे अमेरिकेतल्या मैत्रिणीची पुस्तकं डोळे मिटून घेऊ नका.

एनक्लेक्स 1994 पासून संगणकावर होते आणि प्रत्येकीचा पेपर वेगळा असतो. तुम्ही उत्तर दिलं की संगणक तुमच्या कुवतीचा अंदाज नव्याने बांधतो आणि पुढचा प्रश्न त्या अंदाजाच्या आसपासचा काढतो. म्हणून चांगली तयारी असलेल्या मुलीलाही पेपर अवघडच वाटतो. कमीत कमी 85 आणि जास्तीत जास्त 150 प्रश्न, वेळ पाच तास. पहिल्या 85 मधले 15 प्रश्न गुणांत धरले जात नाहीत. ते पुढच्या परीक्षांसाठी पारखले जात असतात. ते कोणते, हे तुम्हाला कळत नाही. तुम्ही पास होण्याच्या रेषेच्या वर आहात की खाली, याची संगणकाला 95 टक्के खात्री झाली की पेपर थांबतो. म्हणून 85 ला पेपर बंद झाला म्हणजे पास किंवा 150 पर्यंत गेला म्हणजे नापास, या बोलण्याला काही अर्थ नाही. दोन्हीकडे दोन्ही निकाल लागतात.

यातून तयारीसाठी दोन गोष्टी निघतात. एक, या परीक्षेत ‘इतके टक्के म्हणजे पास’ असं काही नसतं. सरावात 60 टक्के आले म्हणून रडू नका आणि 75 आले म्हणून पुस्तक मिटू नका. दुसरी, पुढे गेलं की मागचा प्रश्न पुन्हा उघडता येत नाही. शाळेपासून आपल्याला सवय असते अवघड प्रश्न सोडून शेवटी त्याच्याकडे वळायची. ती सवय सरावातच मोडायला हवी. समोर आलेल्या प्रश्नाचा तिथेच निकाल लावायचा आणि तो मनातून काढून पुढे जायचं.

प्रश्नसंच कोणता घ्यावा

एक चांगला प्रश्नसंच आणि एक जाड पुस्तक पुरेसं आहे. पुस्तकांत सॉन्डर्सचं पीएनसाठीचं सर्वंकष उजळणीचं पुस्तक वर्षानुवर्षं वापरलं जातं. संगणकावरच्या संचांत यूवर्ल्ड, कॅप्लान ही नावं तुमच्या कॉलेजात कानावर येतीलच. निवडताना तीन गोष्टी तपासा. संच पीएनचा आहे ना, आरएनचा, म्हणजे रजिस्टर्ड नर्सचा नाही ना? एप्रिल 2023 पासून प्रश्नांचं स्वरूप बदललं. त्या नव्या स्वरूपाचे प्रश्न त्यात आहेत ना? आणि सर्वांत महत्त्वाचं म्हणजे प्रत्येक प्रश्नाखाली स्पष्टीकरण आहे ना, बरोबर पर्याय का बरोबर आणि उरलेले तीन का चूक, दोन्ही सांगणारं? नुसतं ‘उत्तर ब’ छापणारा संच फुकट मिळाला तरी घेऊ नका.

परीक्षेचा आराखडा दर तीन वर्षांनी नव्याने ठरतो आणि परीक्षा तयार करणारी संस्था तो आपल्या संकेतस्थळावर मोफत देते. तो उतरवून घ्या. 2023 च्या आराखड्यात सर्वांत मोठा वाटा, 18 ते 24 टक्के, समन्वित काळजीचा होता: कुणाला आधी बघायचं, कुठलं काम कुणाला सोपवायचं, रुग्णाचे हक्क, गोपनीयता. त्याखालोखाल औषधोपचार आणि सुरक्षितता व संसर्ग नियंत्रण, दोन्ही 10 ते 16 टक्के. बहुतेक जणी रोगांची लक्षणं घोकण्यात महिने घालवतात आणि हा सर्वांत मोठा भाग शेवटच्या आठवड्यावर ढकलतात.

वही कशी ठेवायची

दोनशे पानी साधी वही घ्या. प्रश्न चुकला की अख्खा प्रश्न उतरवू नका, त्यात वेळ जातो. चार ओळी लिहा. प्रश्न कशाबद्दल होता. मी काय निवडलं आणि का. बरोबर काय होतं आणि का. माझी चूक कुठल्या जातीची.

शेवटची ओळ या वहीचा गाभा आहे. चुका साधारण पाच जातींच्या असतात. पहिली, माहितीच नव्हती. दुसरी, प्रश्न नीट वाचला नाही, ‘सर्वांत आधी’ किंवा ‘आणखी शिकवण्याची गरज आहे’ हे शब्द निसटले. तिसरी, माहिती होती पण प्राधान्य चुकलं. चौथी, एलपीएनच्या कामाची हद्द ओलांडली. पाचवी, पहिलं उत्तर बरोबर होतं, पण कारण नसताना बदललं.

आठवड्याच्या शेवटी प्रत्येक जातीच्या किती चुका झाल्या ते मोजा. पहिल्या जातीच्या जास्त असतील तर पुस्तकाकडे परत जा. आणखी प्रश्न सोडवून माहिती येत नाही. दुसऱ्या जातीच्या जास्त असतील तर वेग कमी करा आणि पर्याय वाचण्याआधी प्रश्न स्वतःच्या शब्दांत एकदा म्हणा. तिसऱ्या आणि चौथ्या जातीच्या असतील तर खालचे दोन विभाग पुन्हा पुन्हा वाचा. पाचव्या जातीच्या असतील तर नियम करा: प्रश्नात नवीन काहीतरी दिसलं तरच उत्तर बदलायचं, भीती वाटली म्हणून बदलायचं नाही.

बरोबर आलेल्या प्रश्नाचंही स्पष्टीकरण वाचा. अंदाजाने बरोबर आलेलं उत्तर परीक्षेच्या दिवशी तुमच्या बाजूने पडेलच असं नाही. अंदाज केला असेल तर त्यापुढे खूण करा आणि तो चुकलेल्यांतच धरा.

कुणाला आधी बघायचं

एक नमुना प्रश्न घेऊ. शिफ्ट सुरू झाली आहे, चार रुग्ण आहेत. पहिल्याचा काल गुडघा बदलला, वेदना दहापैकी सात. दुसरी मधुमेही, घामाने भिजलेली, साखर 62. तिसऱ्याला सीओपीडी, ऑक्सिजन 90 टक्के, रोजच्याइतकाच. चौथीला हृदयविकार, पाय सुजलेले, सकाळच्या गोळ्या मागते आहे. आधी कुणाकडे जाल?

वेदना सात म्हणजे कमी नाहीत, म्हणून अनेकींचं बोट पहिल्या पर्यायावर जातं. ऑक्सिजन 90 बघून काही जणी तिसरा निवडतात, कारण श्वास सर्वांत आधी हे पाठ असतं. पण गुडघ्याच्या शस्त्रक्रियेनंतर दुसऱ्या दिवशी दुखणारच. ते अपेक्षित आहे. सीओपीडीच्या रुग्णाचा 90 हा त्याचा नेहमीचा आकडा आहे. सुजलेले पाय हा जुन्या आजाराचा भाग. साखर 70 च्या खाली आणि घाम, हे मात्र आत्ता बिघडलेलं आहे आणि काही मिनिटांत जिवावर बेतू शकतं. उत्तर दुसरी. ती शुद्धीवर असेल आणि गिळू शकत असेल तर 15 ग्रॅम लगेच पचणारी साखर, उदाहरणार्थ अर्धा कप फळांचा रस, आणि 15 मिनिटांनी पुन्हा तपासणी.

या एका प्रश्नातून तीन चाळण्या मिळतात: जुनं की नवं, अपेक्षित की अनपेक्षित, स्थिर की ढासळणारं. प्राधान्याच्या प्रत्येक प्रश्नाला त्या लावा. श्वासमार्ग, श्वास, रक्ताभिसरण हा क्रम खराच, पण तो बिघाड नवा आणि खरा असेल तेव्हा.

असे आणखी काही निर्णय वहीच्या शेवटच्या पानांवर एकत्र लिहा, म्हणजे रोज नजरेखालून जातील. रक्त चढवताना थंडी वाजून ताप आला की सर्वांत आधी रक्त बंद करायचं, बाकी सगळं नंतर. डिगॉक्सिन देण्याआधी छातीवर पूर्ण एक मिनिट ठोके मोजायचे. मोठ्या माणसाचे 60 च्या खाली असतील तर गोळी थांबवून कळवायचं. पोटॅशियम 3.5 ते 5.0, शिरेतून ते कधीही एकदम ढकलायचं नाही. वॉरफेरिनवर उतारा व्हिटॅमिन के, हेपॅरिनवर प्रोटामिन सल्फेट. क्षय, गोवर, कांजिण्या म्हणजे एन-95 मास्क आणि उणे दाबाची खोली, फ्लू आणि डांग्या खोकला म्हणजे साधा सर्जिकल मास्क, सी. डिफ म्हणजे साबण-पाण्याने हात धुणं, कारण तिथे अल्कोहोलचं जेल चालत नाही.

आपल्या कामाची हद्द

ज्यांनी भारतात दवाखान्यात काम केलं आहे, त्यांच्या हातून चौथ्या जातीच्या चुका जास्त होतात. आपल्याकडे वॉर्डात सिस्टर एकटी असते आणि सगळंच करते. इथे आरएन, एलपीएन आणि सहायक यांच्या कामांत रेषा आखलेल्या असतात आणि परीक्षा त्या रेषांवरच बोट ठेवते.

नव्याने दाखल झालेल्या रुग्णाचं पहिलं मूल्यमापन, काळजीचा आराखडा ठरवणं, पहिल्यांदा शिकवणं आणि प्रकृती अस्थिर असलेल्या रुग्णाची जबाबदारी ही आरएनची. एलपीएन प्रकृती स्थिर असलेल्या रुग्णांची काळजी घेते, माहिती गोळा करते, औषधं देते, आरएनने शिकवलेलं पुन्हा समजावून पक्कं करते आणि बदल दिसला की कळवते. आंघोळ, भरवणं, चालवणं, स्थिर रुग्णाचा ताप-नाडी-रक्तदाब बघणं हे सहायकाकडे सोपवता येतं. मिळालेल्या आकड्यांचा अर्थ लावणं सोपवता येत नाही. शिरेतून द्यायच्या औषधांबाबत राज्याराज्यांत फरक आहेत, तुमच्या बोर्डाचा नियम वेगळा वाचा. परीक्षा मात्र साऱ्या देशाची एकच असते.

दुसरा सापळा म्हणजे ‘डॉक्टरांना कळवा’ हा पर्याय. तो सुरक्षित वाटतो म्हणून हात तिकडे जातो. स्वतःला विचारा: कळवण्याआधी मी रुग्णाच्या खाटेशी काही करू शकते का? ऑक्सिजनची नळी निसटली असेल, रुग्ण आडवा पडून धापा टाकत असेल तर आधी नळी लावा, उठवून बसवा, मग फोन. उलट, आधीच सगळी माहिती प्रश्नात दिलेली असेल आणि पर्यायांत पुन्हा ‘तपासा’ म्हटलं असेल तर वेळ घालवू नका, कृती निवडा.

‘काळजी करू नका’ हे उत्तर चूक का

उद्या स्तनाची शस्त्रक्रिया आहे अशी बाई रडत म्हणते, ‘माझ्या नवऱ्याला आता मी कशी दिसेन?’ पर्यायांत एक वाक्य असतं: ‘काळजी करू नका, सगळं ठीक होईल.’ आपण घरात, दवाखान्यात, फोनवर हेच म्हणतो आणि मनापासून म्हणतो. परीक्षेत हा पर्याय चूक धरला जातो, कारण ते खोटं आश्वासन ठरतं आणि रुग्णाचं बोलणं तिथेच तुटतं. ‘असं का वाटतं तुम्हाला?’ हेही चूक, कारण ‘का’ विचारलं की माणूस जाब दिल्यासारखा बोलतो. ‘नवऱ्याला काय वाटेल याची तुम्हाला चिंता वाटतेय’ असं म्हणून तिला बोलू देणारा पर्याय बरोबर. अशा प्रश्नांत सल्ला देणारे, विषय बदलणारे, स्वतःचा अनुभव सांगणारे पर्याय आधी खोडा. जो पर्याय रुग्णाला बोलतं ठेवतो, तो उरतो.

नातेवाईकांचंही असंच. आपल्याकडे गंभीर निदान आधी मुलाला सांगतात, आजीला नंतर किंवा कधीच नाही. अमेरिकेत 1996 च्या हिपा कायद्याने आणि रुग्णाच्या हक्कांच्या सगळ्या चौकटीने हे उलटं ठरवलं आहे. माहिती रुग्णाची, त्याच्या संमतीशिवाय ती मुलालाही द्यायची नाही. शुद्धीवर असलेला, समज असलेला मोठा माणूस उपचार नाकारू शकतो, त्याची बायको कितीही विनवणी करो. माया कमी म्हणून हा नियम नाही. निर्णय ज्याच्या शरीराचा त्याने घ्यावा, हा त्यामागचा विचार आहे. तो मनापासून पटवून घेतलात तर हे प्रश्न पाठ करावे लागत नाहीत.

औषधांची नावं आणि गणितं

भारतात शिकलेल्यांनी नावांची एक यादी भिंतीवर लावावी. आपलं पॅरासिटामॉल इथे ॲसिटामिनोफेन, सालब्युटामॉल इथे अल्ब्युटेरॉल, ॲड्रिनॅलिन म्हणजे एपिनेफ्रिन, पेथिडिन म्हणजे मेपेरिडिन. परीक्षेत औषधाचं मूळ नाव येतं, कंपनीचं नाव सहसा येत नाही. म्हणून नावांच्या शेपट्या ओळखा: शेवटी ‘ओलॉल’ असेल तर बहुधा बीटा ब्लॉकर, ‘प्रिल’ असेल तर एसीई इनहिबिटर, ‘स्टॅटिन’ कोलेस्टेरॉलसाठी. प्रत्येक गटाचं एक मुख्य काम, एक धोक्याचा परिणाम आणि देण्याआधी काय बघायचं, एवढ्या तीन गोष्टी पुरतात.

गणितात गुण जातात ते एककांमुळे. हे बघा: मुलाचं वजन 44 पौंड, ॲसिटामिनोफेन किलोला 15 मिलिग्रॅम, बाटलीत 5 मिलिलिटरमध्ये 160 मिलिग्रॅम. आधी 44 ला 2.2 ने भागा: 20 किलो. गुणिले 15 म्हणजे 300 मिलिग्रॅम. 300 भागिले 160, गुणिले 5, म्हणजे 9.375, दशांशाच्या एका घरापर्यंत 9.4 मिलिलिटर. सलाइनचं गणितही असंच ओळीने मांडा: 1000 मिलिलिटर 8 तासांत, नळीचे 15 थेंब म्हणजे एक मिलिलिटर. 1000 गुणिले 15, भागिले 480 मिनिटं, म्हणजे मिनिटाला 31 थेंब. पडद्यावर कॅल्क्युलेटर असतो, पण मांडणी तुमचीच असते. उत्तर किती दशांशांपर्यंत मागितलं आहे ते वाचा, आणि आकडा आला की क्षणभर थांबून विचारा: इतकं औषध एका मुलाला देणं शक्य तरी आहे का?

नव्या प्रकारचे प्रश्न

2023 पासून पेपरात तीन केस येतात, प्रत्येकीवर सहा प्रश्न. त्यामागे विचाराच्या सहा पायऱ्या आहेत: खुणा टिपणं, त्यांचा अर्थ लावणं, शक्यतांचा क्रम लावणं, उपाय ठरवणं, कृती करणं, परिणाम तपासणं. समजा, नर्सिंग होममधल्या 78 वर्षांच्या आजी कालपर्यंत नीट बोलत होत्या, आज गोंधळल्या आहेत, ताप 100.8, नाडी 108, रक्तदाब 98/58, लघवीला घाण वास. जुनी संधिवाताची नोंदही दिली आहे, आजींना वरण आवडत नाही हेही दिलं आहे. पहिल्या प्रश्नात नेमकं काय महत्त्वाचं हे उचलायचं असतं. अचानक आलेला गोंधळ आणि पडणारा रक्तदाब मिळून लघवीचा संसर्ग रक्तात पसरतोय का, ही शंका यायला हवी. संधिवात आणि वरण बाजूला ठेवायचे. सरावात प्रत्येक केस वाचताना वहीत दोन रकाने करा, ‘आत्ता महत्त्वाचं’ आणि ‘आत्ता बिनमहत्त्वाचं’. पंधरा-वीस केस अशा केल्या की नजर तयार होते.

‘लागू असलेले सगळे निवडा’ या प्रश्नांना प्रत्येक पर्याय स्वतंत्र खरं-खोटं म्हणून वाचा. यात आता अर्धवट बरोबर उत्तरालाही गुण मिळतात, पण चुकीच्या पर्यायाला गुण वजा होतात, खाली शून्यापर्यंतच. म्हणून सरसकट सगळ्यांवर टिचक्या मारू नका. ‘यांतले तीन निवडा’ असं सांगितलं असेल तर मात्र तीन पुरे केल्याशिवाय पुढे जाऊ नका.

आठ आठवड्यांची आखणी

नोकरी आणि घर सांभाळून दिवसाला दोन-अडीच तास मिळाले तरी आठ आठवडे पुरतात. पहिले तीन आठवडे विषयवार: एकेक विषय वाचा आणि त्यावरचे 25 ते 30 प्रश्न घड्याळ न लावता सोडवा. स्पष्टीकरणाला प्रश्नांच्या दुप्पट वेळ द्या. पुढचे तीन आठवडे सरमिसळ 50 प्रश्न, घड्याळ लावून. पाच तासांत 150 म्हणजे प्रश्नाला दोन मिनिटं. शेवटचे दोन आठवडे दर तीन-चार दिवसांनी एकदा सलग मोठा पेपर, 85 पासून 150 पर्यंत, आणि मधल्या दिवसांत फक्त वही. सोडवलेलाच संच पुन्हा सोडवून 90 टक्के काढू नका. तेव्हा उत्तर आठवत असतं, त्यामागचं कारण नाही.

रात्रपाळी करत असाल तर पाळी संपल्यावर प्रश्न सोडवू नका, झोपा. थकलेल्या डोळ्यांनी सोडवलेले प्रश्न दुसऱ्या जातीच्या चुकांनी वही भरतात आणि आत्मविश्वास खातात. घरच्यांना आठवड्याचं वेळापत्रक लिहून दाखवा आणि ते दोन तास कुणी दार वाजवणार नाही, हे आधीच ठरवून घ्या. नवऱ्याने स्वयंपाक केला तर बिघडत नाही.

भाषेबद्दल एक सुचवते. प्रश्न इंग्रजीतच वाचा, मनात मराठीत करत बसू नका, वेळ जातो. पण स्पष्टीकरण वाचून झाल्यावर ते मोठ्याने मराठीत स्वतःला किंवा मैत्रिणीला समजावून सांगा. मराठीत सांगताना जिथे अडखळाल, तिथे तुम्हाला ते समजलेलं नसतं. दोघी-तिघी मिळून आठवड्यातून एकदा फोनवर प्रत्येकी पाच चुकलेले प्रश्न एकमेकींना समजावलेत तर त्या तासाचं चीज होतं.

आडवाटा टाळा

‘खऱ्या परीक्षेतले प्रश्न’ विकणारे भेटतील. घेऊ नका. परीक्षेला बसताना गोपनीयतेची अट मान्य करावी लागते; आठवलेले प्रश्न सांगणं-मिळवणं निकालावर आणि परवान्यावर येऊ शकतं. कोर्सही राज्याच्या बोर्डाने मान्य केलेलाच असावा. जानेवारी 2023 मध्ये अमेरिकेच्या न्याय खात्याने फ्लोरिडातल्या काही संस्थांमधून 7,600 हून अधिक बनावट नर्सिंग पदविका विकल्या गेल्याचं प्रकरण उघड केलं. फी भरण्याआधी बोर्डाच्या संकेतस्थळावर संस्थेचं नाव शोधायला पाच मिनिटं लागतात. ज्यांनी भारतात जीएनएम किंवा बीएस्सी नर्सिंग केलं आहे त्यांनी आधी आपल्या राज्याच्या बोर्डाकडे आरएनच्या परीक्षेबद्दल चौकशी करावी. त्यांची वाट बहुधा तीच असते.

परीक्षेचा दिवस

मराठी नावांबाबत काळजी घ्या. आपलं मधलं नाव वडिलांचं किंवा नवऱ्याचं, लग्नानंतर आडनाव बदललेलं, पासपोर्टवर दोन नावं एकाच रकान्यात. नोंदणीतलं नाव आणि ओळखपत्रावरचं नाव तंतोतंत जुळलं नाही तर आत सोडत नाहीत आणि फी जाते. परवानगीपत्र आलं की त्याच दिवशी दोन्ही शेजारी ठेवून एकेक अक्षर तपासा. परवानगीची मुदत बोर्डागणिक वेगळी असते. मुदत बघून लगेच तारीख घ्या.

दोन तासांनी आणि साडेतीन तासांनी विश्रांती घेण्याची मुभा मिळते. घड्याळ चालूच राहतं, तरी ती घ्या, पाणी प्या, डोळे मिटा. बऱ्याच राज्यांत दोन कामकाजी दिवसांनी थोडी फी भरून अनधिकृत निकाल बघता येतो; अधिकृत निकाल बोर्डाकडून येतो.

निकाल हवा तसा आला नाही, तर 45 दिवसांनी पुन्हा बसता येतं. काही राज्यांचे आणखी नियम आहेत. नापासाच्या निकालासोबत एक अहवाल मिळतो, कुठल्या विभागात तुम्ही पास होण्याच्या पातळीच्या वर होतात, कुठे जवळ आणि कुठे खाली. हा अहवाल वहीच्या पहिल्या पानावर चिकटवा आणि खालच्या विभागांपासून सुरुवात करा. नवा प्रश्नसंच विकत घेण्याआधी जुनी वही पहिल्यापासून वाचा.

या वहीचा उपयोग परीक्षेपुरता नाही. परवाना मिळाल्यावर पहाटे चारला एखाद्या खोलीत रुग्ण घामाघूम झालेला दिसेल, तेव्हा जुनं की नवं, अपेक्षित की अनपेक्षित, हे तुम्हाला क्षणात ठरवायचं आहे, आणि ते ठरवायची सवय याच महिन्यांत लागते. म्हणून आज नवे पन्नास प्रश्न उघडू नका. गेल्या आठवड्यात चुकलेले दहा काढा आणि प्रत्येकापुढे एक वाक्य लिहा: मी हे का निवडलं होतं?